तोच मुखवटा, तीच रात्र, कमी भीती

भयपटांची आवड असलेल्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला सोपा : "पहिला भाग भारी होता म्हणतात, मग दुसरा बघू की नको?" दुसरा प्रश्न तो भाग पाहून आलेला विचारतो आणि तो जास्त गमतीचा आहे : "यात मुडदे दुप्पट, रक्त भरपूर, तरी भीती पहिल्यापेक्षा कमी का वाटली?"

"पैशासाठी काढलेला भाग तो, दुसरं काय होणार" असं म्हणून हात झटकता येतात. पण या प्रकरणात ज्या चित्रपटाबद्दल बोलायचं आहे, त्याचा पहिला भागही पैशासाठीच काढला होता. अर्विन याब्लान्स या निर्मात्याला कमी खर्चातली एक खुनी-फिल्म हवी होती. लोक बाहेर जाताना लहान मुलांवर लक्ष ठेवायला शेजारपाजारच्या ज्या शाळकरी मुलींना पैसे देऊन बोलावतात, त्यांच्या मागे लागलेला खुनी, एवढीच त्याची कल्पना. तेव्हा हेतूच्या शुद्धतेवरून काही उलगडत नाही. उत्तर पडद्यावरच शोधावं लागतं.

त्यासाठी 'हॅलोविन' (१९७८) आणि 'हॅलोविन टू' (१९८१) ही जोडी फार सोयीची आहे. दोन्हींचे लेखक तेच : जॉन कार्पेंटर आणि डेब्रा हिल. छायाचित्रकार तोच : डीन कंडी. नायिका जेमी ली कर्टिस, डॉक्टरच्या भूमिकेत डॉनल्ड प्लेझन्स, तेही तेच. मुखवटासुद्धा तोच. आणि पहिला भाग ज्या क्षणी संपतो त्याच क्षणी दुसरा सुरू होतो. इतकं सगळं सारखं असताना भीती कमी झाली असेल, तर नेमकं काय बदललं हे बोट ठेवून दाखवता येतं.

१. आधी स्लॅशर म्हणजे काय

स्लॅशर हा भयपटाचा एक उपप्रकार. यात बहुधा भूत नसतं, शाप नसतो. एक खुनी असतो, त्याचा चेहरा बहुतेक वेळा झाकलेला, हातात बंदुकीऐवजी सुरा किंवा तसंच काही धारदार. समोर तरुण मुलामुलींचा एक गट. खुनी त्यांना एकेकटं गाठतो. शेवटी एक मुलगी उरते आणि ती त्याच्याशी दोन हात करते. कॅरोल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी १९८७ मध्ये या मुलीला 'फायनल गर्ल' असं नाव दिलं आणि ते रूढ झालं.

या प्रकाराची मुळं हिचकॉकच्या 'सायको'त (१९६०) आहेत. कॅनडात बनलेल्या 'ब्लॅक ख्रिसमस'मध्ये (१९७४) साचा बराचसा तयारही झाला होता. पण तो घट्ट बसवला 'हॅलोविन'ने. 'सायको'चं ऋण कार्पेंटरने उघडपणे मान्य केलं आहे : डॉक्टरचं नाव सॅम लूमिस हे त्या चित्रपटातल्या पात्राचं, आणि जेमी ली कर्टिस ही 'सायको'त न्हाणीघरात मारल्या गेलेल्या जॅनेट लीची मुलगी.

गोष्ट दोन वाक्यांची. १९६३ च्या हॅलोविनच्या रात्री इलिनॉयमधल्या हॅडनफील्ड या काल्पनिक गावात सहा वर्षांचा मायकल मायर्स स्वयंपाकघरातल्या सुऱ्याने आपल्या मोठ्या बहिणीला मारतो. पंधरा वर्षांनी तो मनोरुग्णालयातून पळतो, गावी परततो आणि लॉरी स्ट्रोड व तिच्या दोन मैत्रिणींच्या मागे लागतो. ३१ ऑक्टोबरला अमेरिकेत पोरंटोरं मुखवटे घालून घरोघरी खाऊ मागत हिंडतात. त्यामुळे मुखवटा घातलेला एक माणूस रस्त्याच्या कडेला उभा असला तरी कुणाला त्याचं काही वाटत नाही. सणाची निवड किती हुशारीची होती ते यावरून कळतं.

२. तीन लाखांत काय येतं

पहिल्या भागाचा खर्च सव्वातीन लाख डॉलरच्या आत होता. हॉलिवूडच्या हिशेबात चिल्लर. जेमतेम तीन आठवड्यांत, १९७८ च्या वसंतात, कॅलिफोर्नियात चित्रीकरण उरकलं. गोष्ट मात्र शरद ऋतूतली, पानगळीची. म्हणून कागदी पानं रंगवून रस्त्यावर टाकायची आणि शॉट झाला की पुढच्या जागेसाठी पुन्हा गोळा करायची, असा उद्योग चालला. मुखवटाही दुकानातून आणलेला. 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनर या नटाच्या चेहऱ्याचा, दोनेक डॉलरचा मुखवटा टॉमी ली वॉलेस या कला-दिग्दर्शकाने विकत घेतला. त्याच्या भुवया आणि कल्ले काढून टाकले, डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा रंग फासला. झाला मायकल मायर्स.

मुखवट्यामागे निक कॅसल होता, कार्पेंटरचा कॉलेजपासूनचा दोस्त. तो खुनशीपणाचा अभिनय करत नाही. साधा चालतो, घाई नसलेल्या माणसासारखा. श्रेयनामावलीत त्याच्या पात्रापुढे मायकलचं नावही नाही, नुसतं 'द शेप' असं लिहिलं आहे.

पैसे नसल्यामुळे रक्तही नाही. नसल्यामुळेच असं मी म्हणणार नाही, कारण लाल रंग स्वस्त असतो. पण चित्रपट पुन्हा बघताना लोक चकित होतात, इतकं ते कमी आहे. सगळी मिळून माणसं मरतात पाच. त्यातली एक १९६३ सालची बहीण आणि एक ट्रकचालक, ज्याचं फक्त प्रेत गवतात दिसतं. सुरुवातीचे हे दोन सोडले, तर पुढचा खून व्हायला जवळजवळ पन्नास मिनिटं जातात. चित्रपट दीड तासाचा आहे.

३. मग त्या पन्नास मिनिटांत होतं काय?

काहीच होत नाही, आणि भीती तिथेच तयार होते.

कुकर लावला की शिट्टी होणार हे आपल्याला माहीत असतं. वाफ धरल्याचा आवाज येत असतो, शिट्टी थोडी उचलते, पुन्हा बसते. आपण पेपर वाचत असलो तरी एक कान तिकडे असतो, आणि ती वाजली की दचकतोच. आता हाच कुकर दर दोन मिनिटांनी शिट्टी देऊ लागला, तर तिसरीनंतर आपण दचकत नाही, मोजू लागतो. पहिला 'हॅलोविन' वाफ धरण्याचा चित्रपट आहे. दुसऱ्यात मोजणी आहे.

पहिल्या भागात लॉरी वर्गात बसलेली असते, खिडकीबाहेर रस्त्यापलीकडे एक माणूस गाडीशी उभा. ती पुन्हा बघते, तो नसतो. घरी जाताना कुंपणाच्या झाडीपाशी तो दिसतो, मैत्रीण जाऊन बघते, कोणी नाही. खोलीतून खाली पाहते तर वाळत घातलेल्या चादरींमध्ये तो. हे सगळं टळटळीत दुपारी. भुताखेताच्या गोष्टी रात्री घडतात हा आपला पक्का समज, आणि इथे ऊन पडलेलं आहे, शाळा सुटली आहे, पोरं खेळताहेत. कंडीने रुंद पडदा असा वापरला आहे की लॉरी एका बाजूला आणि दुसरी बाजू रिकामी. त्या रिकाम्या जागेकडे आपली नजर सारखी जाते. पुढे लॉरी एका काळोख्या दाराशेजारी टेकलेली असताना त्या काळोखातून पांढरा चेहरा हळूहळू उमटतो. एवढ्या एका क्षणासाठी मी अख्खा चित्रपट पुन्हा बघायला तयार आहे.

संगीताचा वाटा तर फारच मोठा. कार्पेंटरने ते स्वतःच, तीन दिवसांत केलं. पियानोची ती प्रसिद्ध धून पाच मात्रांची आहे. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीत बहुधा चारात चालतं, त्यामुळे कानाला सतत एक मात्रा जास्त लागते आणि विसावा मिळत नाही. हा ठेका त्याला लहानपणी वडिलांनी बोंगोवर शिकवला होता. संगीत चढवण्याआधी एका मोठ्या स्टुडिओतल्या बाईंना चित्रपट दाखवला, तर त्यांना जराही भीती वाटली नव्हती, असं तो स्वतः सांगतो.

आता दुसऱ्या भागाची अडचण पाहा. तो त्याच रात्री सुरू होतो. ही कल्पना कागदावर झकास वाटते : प्रेक्षकाला श्वास घ्यायलाही फुरसत नाही. पण तिची किंमत अशी की दुसऱ्या भागाला दुपारच नाही. पहाट होते ती शेवटी, सगळं संपल्यावर. मायकल दबा धरून बसलेला, लोक गाफील, हा खेळ पुन्हा मांडायला जागाच उरत नाही. गावभर पोलीस फिरताहेत, बातम्या लागल्या आहेत, खुनी मोकाट आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. उरतं ते एकेकाला गाठणं.

४. मधल्या तीन वर्षांत

पहिल्या भागाने अमेरिकेतच सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलर कमावले. खर्चाच्या शंभर-दीडशे पट. अशा आकड्याकडे बघून बाकीचे निर्माते गप्प बसणं शक्यच नव्हतं. १९८० मध्ये शॉन कनिंगहॅमचा 'फ्रायडे द थर्टीन्थ' आला. हा चित्रपट 'हॅलोविन'चं यश पाहूनच काढला हे त्याच्या कर्त्यांनी कधी लपवलं नाही. पण नक्कल करताना त्यांनी एक गोष्ट बदलली. टॉम सॅविनी या रंगभूषाकाराला बोलावलं आणि खून दाखवायचे ठरवले. पलंगाखालून गळ्यात घुसणारा बाण जवळून दिसतो. हा चित्रपटही तुफान चालला. 'प्रॉम नाइट', 'टेरर ट्रेन' आले, आणि या दोन्हींत नायिका जेमी ली कर्टिसच. कॅलेंडरावरचा एकही सण सुटणार नाही अशी लक्षणं दिसू लागली.

म्हणजे 'हॅलोविन टू'ची स्पर्धा आपल्या पहिल्या भागाशी राहिलीच नव्हती. ती होती पहिल्या भागाच्या नकलांशी. खर्च आता अंदाजे २५ लाख डॉलर. कार्पेंटरने या वेळी दिग्दर्शन नाकारलं आणि ते रिक रोझेन्थाल या नवख्या दिग्दर्शकाकडे गेलं. रोझेन्थालने पहिल्या भागाच्या चालीनेच, संथ आणि झाकलेला चित्रपट केला. संकलित प्रत पाहून कार्पेंटरला तो मिळमिळीत वाटला, आणि त्याने स्वतः काही रक्ताळलेले प्रसंग चित्रित करून त्यात घातले. रोझेन्थालला हे रुचलं नाही. मला या प्रकरणात रोझेन्थालची बाजू पटते, पण १९८१ च्या ऑक्टोबरात तिकीट काढून आलेल्या पोराला ती पटली असती का, याची खात्री देता येत नाही.

५. दोन खून, शेजारी शेजारी ठेवून

पहिल्या भागात बॉब नावाचा मुलगा बिअर आणायला स्वयंपाकघरात जातो. मायकल त्याला गळा धरून एका हाताने वर उचलतो. सुरा खुपसल्याचा आवाज. मग अधांतरी, हळूहळू ढिले पडणारे पाय. बॉब सुऱ्याच्या आधाराने भिंतीला टांगल्यासारखा राहतो आणि मायकल एक पाऊल मागे येऊन त्याच्याकडे बघतो. मान एकदा या बाजूला कलवतो, मग त्या बाजूला. बस. जखम दिसत नाही. पण ती कललेली मान बघून प्रत्येकाच्या मनात एकच विचार येतो : हा काय बघतोय? आणि त्याचं उत्तर चित्रपट देत नाही.

दुसऱ्या भागातल्या इस्पितळात जिल नावाच्या परिचारिकेला मायकल मागून शस्त्रक्रियेचा चाकू पाठीत खुपसून तसाच वर उचलतो. पाय पुन्हा अधांतरी, पायातले बूट खाली पडतात. बॉबच्या प्रसंगाचीच ही आठवण आहे आणि चित्र म्हणून ती चांगली जमली आहे. पण ती मेल्यावर तो तिला टाकतो आणि पुढे निघतो. मान कलवणं नाही, थांबणं नाही. त्याला आता काम आहे.

सर्वांत गाजलेला प्रसंग गरम पाण्याच्या टाकीचा. दुसरी एक परिचारिका टाकीत आहे, मायकल पाण्याचं तापमान वाढवतो आणि तिचं तोंड उकळत्या पाण्यात पुन्हा पुन्हा बुडवतो. प्रत्येक वेळी वर येणारा चेहरा आधीपेक्षा भयानक. हे बघवत नाही, हे खरं. पण न बघवणं वेगळं आणि घाबरणं वेगळं. किळस त्या प्रसंगापुरती असते, टाकीवरून नजर काढली की ओसरते. भीती घरी येते, कारण ती आपल्या घरच्या काळोख्या दाराशी जोडली गेलेली असते. उकळत्या पाण्याची टाकी कुणाच्या घरी नसते.

याहूनही एक लहान बदल मला महत्त्वाचा वाटतो. मुखवटा तोच असला तरी मधल्या काळात तो डेब्रा हिलच्या पलंगाखाली पडून होता. त्या सिगारेट ओढत. रबर पिवळटलं, आणि डिक वॉरलॉक या स्टंटमनच्या डोक्यावर तो वेगळाच ताणला गेला. वॉरलॉक चालतोही वेगळा : ताठ, संथ, यंत्रासारखा. कॅसलचा मायकल माणूस वाटतो म्हणून भयंकर. वॉरलॉकचा मायकल राक्षस आहे, आणि राक्षसाला आपण निदान ओळखतो.

६. बहिणीचा घोटाळा

आता दुसऱ्या भागाच्या सर्वांत वादग्रस्त गोष्टीकडे येऊ. चित्रपटाच्या मध्यानंतर डॉ. लूमिसला एका गुप्त कागदातली गोष्ट कळते : लॉरी ही मायकलची धाकटी बहीण आहे. ती लहान असताना दुसऱ्या कुटुंबाने दत्तक घेतली, म्हणून मायकल तिच्या मागे आहे.

पहिल्या भागात याचं काय कारण होतं ते आठवा. लॉरीचे वडील घरं विकण्याचा व्यवसाय करतात. सकाळी शाळेत जाताना ते तिला सांगतात, मायर्सांच्या रिकाम्या घराच्या पायरीशी किल्ली ठेव. ती ठेवते. आत मायकल उभा असतो, त्याला ती दारातून दिसते. एवढंच. दुसरी कुणी किल्ली ठेवायला आली असती, तर तिच्या मागे लागला असता. पंधरा वर्षं त्याच्यावर उपचार केलेल्या डॉक्टरलाही कारण सापडलेलं नाही. त्याने आठ वर्षं त्या मुलापर्यंत पोहोचायचा प्रयत्न केला, आणि उरलेली सात त्याला बाहेर पडू न देण्यात घालवली.

नातं कळलं की हे सगळं कोसळतं. मायकल आता घरच्या माणसांना मारणारा माणूस झाला. मग माझं-तुमचं काय? आपण तर त्याचे कुणी लागत नाही. पहिल्या भागात प्रत्येक प्रेक्षक त्याच्या वाटेत उभा होता, दुसऱ्यात फक्त एक कुटुंब उरलं. मराठी वाचकाला इथे 'झपाटलेला'मधला (१९९३) तात्या विंचू आठवेल. हॉलिवूडच्या 'चाइल्ड्स प्ले'वरून उचललेला तो बाहुला नेमका लक्ष्याच्याच मागे का, हे पोराटोरांनाही पाठ असतं : त्याला त्याच्याच शरीरात शिरायचं आहे. कारण इतकं स्पष्ट असल्यामुळेच तिथे हसायला मोकळीक मिळते, आणि त्या चित्रपटाला तीच हवी होती. मायकलला हवं काय हेच माहीत नसल्यामुळे त्याच्यावर हसता येत नव्हतं.

बहिणीची कल्पना कशी सुचली? कार्पेंटरने ते पुढे मोकळेपणाने सांगितलं आहे : रात्री उशिरा टाइपरायटरसमोर बसलेलो, सोबत बिअर, आणि या गोष्टीत सांगण्यासारखं काही उरलेलं नाही हे लक्षात आलेलं. त्या स्थितीत सुचलेलं ते आहे. लिहिणाऱ्या माणसाला ही रात्र ओळखीची वाटेल.

गंमत अशी की घोटाळा तिथे थांबला नाही. त्याच १९८१ च्या ऑक्टोबरात पहिला भाग अमेरिकेत एनबीसी दूरचित्रवाणीवर दाखवायचा होता. आक्षेपार्ह भाग कापल्यावर तो वेळेला कमी पडू लागला, म्हणून दुसऱ्या भागाच्या चित्रीकरणाच्या वेळीच कार्पेंटरने पहिल्यासाठी काही नवे प्रसंग घेतले. त्यांतल्या एकात मायकलच्या इस्पितळातल्या खोलीच्या दारावर 'बहीण' या अर्थाचा इंग्रजी शब्द खरडलेला दिसतो. म्हणजे दुसऱ्या भागाने मागे जाऊन पहिल्या भागाला कारण चिकटवलं.

७. दुसऱ्या भागाच्या बाजूने

एवढं झोडपल्यावर त्याच्या जमेच्या गोष्टी सांगितल्या नाहीत तर अन्याय होईल. सुरुवातीला एक म्हातारी स्वयंपाकघरात सँडविच करत असते, मायकल आत येऊन तिचा सुरा उचलून निघून जातो, आणि तिला कळतं ते पाटावर पडलेल्या रक्तामुळे. तिला तो हातही लावत नाही. हा प्रसंग पहिल्या भागात शोभला असता. इस्पितळाच्या लांब, अर्धवट उजेडाच्या मार्गिका कंडीने फार देखण्या टिपल्या आहेत. पहिल्या भागात लॉरी ज्या बेन ट्रेमरबद्दल लाजत बोलते, तो मुलगा दुसऱ्यात केवळ तसाच मुखवटा घातल्यामुळे पोलिसांच्या गाडीखाली येऊन जळून मरतो. बिचाऱ्याचा चेहराही आपण बघत नाही. हा क्रूर विनोद पहिल्या भागाला सुचला नसता. ॲलन हॉवर्थबरोबर केलेलं संगीत, तीच धून पण पियानोऐवजी ऑर्गनसारख्या सिंथेसायझरवर, काहींना मूळच्यापेक्षा आवडतं.

पण सर्वांत मोठं नुकसान लॉरीचं झालं. पहिल्या भागात तिने विणायची सुई, कपड्यांचा हँगर, जे हाती लागेल ते वापरून झुंज दिली होती. इथे ती बराच वेळ गुंगीच्या औषधाखाली पलंगावर आहे, संवाद मोजके, आणि कर्टिसच्या डोक्यावर टोप, कारण मधल्या काळात तिने केस कापले होते. शेवटी ती मायकलच्या डोळ्यांवर गोळ्या झाडते तेव्हा कुठे जुनी लॉरी दिसते. तरीही दोन्ही भाग एकाच रात्री पाठोपाठ पाहायला हरकत नाही. तीन तासांचा एकच चित्रपट म्हणून ते चांगले चालतात. फक्त आधी पहिला एकटा बघून, रिकाम्या खोल्यांत श्वास ऐकू येत संपणारा तो शेवट निदान एक रात्र तसाच राहू द्यावा.

८. पुढे कारणाचं काय झालं

'हॅलोविन टू'च्या शेवटी लूमिस इस्पितळातला वायू सोडून लायटर पेटवतो आणि मायकल जळून कोसळतो. कार्पेंटर आणि हिल यांच्या दृष्टीने विषय संपला होता. तिसऱ्या भागात (१९८२) त्यांनी मायकलशिवायची वेगळीच गोष्ट मांडली. त्यात मायकल दिसतो तो फक्त दूरचित्रवाणीवर, पहिल्या चित्रपटाच्या तुकड्यांत. प्रेक्षक रागावले, कमाई घसरली, आणि १९८८ मध्ये चौथ्या भागात मायकल परत आणावा लागला.

पण आता नियम झाला होता : तो फक्त नातलगांच्या मागे लागतो. कर्टिस त्या भागात नव्हती. मग लॉरी अपघातात वारली असं सांगून तिची लहान मुलगी, म्हणजे मायकलची भाची, शोधून काढावी लागली. १९९८ मध्ये कर्टिस परतली, तेव्हा ती पुन्हा बहीण होती आणि भाचीचे भाग विसरले गेले.

२०१८ मध्ये दिग्दर्शक डेव्हिड गॉर्डन ग्रीनने पहिला भाग सोडून बाकी सगळं पुसलं. त्यात लॉरीची नात आपल्या मित्रांना सांगते की ते भावा-बहिणीचं वगैरे लोकांनी रचलेलं आहे. या चित्रपटाचा कार्यकारी निर्माता आणि संगीतकारांपैकी एक होता जॉन कार्पेंटर.